ठकीचं ऑपरेशन आणि अर्धा मिली औषध

ऑपरेशन होऊन पेशंट घरी गेला की दोन-तीन दिवसांत मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. पण शुगर, बीपी, थायरॉइड माझ्याकडे असतं, वर्षानुवर्षांची ओळख असते, त्यामुळे सर्जनला विचारायला संकोच वाटला की लोक मला विचारतात. "डॉक्टर, जखम जरा लाल दिसतेय." "काही खात नाहीत हो." "पट्टा टोचतो म्हणत होत्या, म्हणून थोडा वेळ काढून ठेवला. चालेल ना?"

खरं सांगतो, या शेवटच्या प्रश्नाला मी अनेकदा चढ्या आवाजात उत्तर दिलं आहे. "लिहून दिलेलं वाचता येत नाही का?" असंही एक-दोनदा म्हणालो असेन.

गेल्या पावसाळ्यात असे फोन करायची वेळ माझ्यावर आली. पेशंटचं नाव ठकी. वय अंदाजे सात महिने, वजन तीन किलो, रंग पांढरा आणि पाठीवर दोन काळे डाग. साताऱ्यातल्या एका धुवाधार पावसात ती माझ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, सलाइनच्या रिकाम्या खोक्यात येऊन बसली होती. कंपाउंडरमामांनी दोन दिवस तिला बिस्किटं घातली आणि तिसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. "मांजर घरात नको" असं तिनेच सर्वांत आधी सांगितलं आणि आठवड्याभरात मांजर तिच्याच पांघरुणात झोपू लागलं.

नसबंदी म्हणजे नक्की काय करतात?

जुलैमध्ये एका रात्री ठकी विचित्र आवाजात ओरडायला लागली. जमिनीवर लोळायची, मागचा भाग वर करायची, दारापाशी जाऊन रडायची. बायकोला वाटलं, तिच्या पोटात दुखतंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. व्हेट मॅडमना व्हिडिओ पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं, "दुखत नाहीये डॉक्टर, माजावर आली आहे."

मांजर चार-पाच महिन्यांचं असतानासुद्धा माजावर येऊ शकतं आणि गाभण राहू शकतं. गर्भारपण साधारण नऊ आठवड्यांचं असतं. पिल्लं दूध पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एका वर्षात एकाच मांजरीला दोन-तीन वेळा पिल्लं होऊ शकतात. रस्त्यावर चिरडलेली, गोणीत भरून कुठेतरी सोडलेली पिल्लं येतात ती इथूनच.

"एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, म्हणजे तब्येत चांगली राहते" असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. याला वैद्यकीय आधार नाही. उलट, लहान वयात नसबंदी केलेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या गाठींचं प्रमाण खूपच कमी असतं. मांजरींमधल्या या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या असतात, म्हणून हा फायदा लहान नाही. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो.

आई म्हणाली, "म्हणजे माझं झालं होतं तसलंच ऑपरेशन ना?"

मी लगेच डॉक्टरकी केली. म्हटलं, "नाही आई. तुझं कुटुंबनियोजनाचं होतं. त्यात फक्त बीजवाहिन्या बंद करतात. अंडाशय, गर्भाशय जागेवर असतं, हार्मोन्स चालू राहतात, पाळी येत राहते. मांजरीत अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढून टाकतात. म्हणून माज येणंही थांबतं. हे ऑपरेशन तुझ्यापेक्षा मोठं आहे."

"असं होय," एवढंच म्हणून ती गप्प बसली.

वाचकांसाठी थोडं अधिक सांगतो. मांजरीचं गर्भाशय आपल्यासारखं पेरूच्या आकाराचं नसतं. ते इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं, दोन लांब शिंगं असलेलं असतं. अंडाशय वर, मूत्रपिंडांच्या जवळ असतात. पोटावर किंवा कुशीत लहानसा छेद घेऊन रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात, मग पोटाच्या भिंतीचे थर एकेक करून शिवावे लागतात. सराव असलेला पशुवैद्यक हे थोड्या वेळात करतो आणि बाहेरून दोन-तीन सेंटिमीटरची रेघ दिसते. त्यामुळे आपल्याला ते 'छोटं ऑपरेशन' वाटतं. पण पोट उघडून केलेलं ऑपरेशन ते ऑपरेशनच.

पहिली रात्र

ठरलेल्या दिवशी सकाळी तिला सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं. मॅडमनी हातात एक कागद दिला. त्यावर दहा सूचना होत्या. मी तो घडी करून खिशात घातला. आयुष्यभर असे कागद मीच लोकांना देत आलो आहे, मला काय वाचायचं त्यात, असा तो आविर्भाव होता.

घरी आल्यावर ठकीला बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मांजरांना भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही औषधांच्या अमलात डोळे उघडेच राहतात, बाहुल्या मोठ्या होतात, मान झोके खाते, चाल दारू प्यायल्यासारखी होते. हे काही तास चालू शकतं आणि यात घाबरण्यासारखं काही नसतं. मात्र या वेळात मांजर उंचावर ठेवायचं नाही. पलंग, सोफा, खिडकी काहीही नको. एरवी छपरावरून उडी मारणारं जनावर त्या रात्री खुर्चीवरून पडूनही स्वतःला इजा करून घेऊ शकतं.

भुलीनंतर शरीराचं तापमान उतरतं, म्हणून ऊब लागते. बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन आली होती. तेवढं मात्र मी अडवलं. भुलीत असलेला पेशंट "चटका बसतोय" म्हणत नाही आणि बाजूलाही सरकत नाही. अशा पिशव्यांनी भाजलेले मधुमेही पाय मी पाहिले आहेत. आम्ही आईच्या जुन्या नऊवारीची घडी केली, जमिनीवर कोपऱ्यात अंथरली, दिवा मंद केला आणि खोलीचं दार लावून घेतलं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडं पाणी, मग चमचाभर खाणं. दूध नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि पोटावर टाके असताना ते नको.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन घास खाल्ले. मी निर्धास्तपणे ओपीडीला गेलो.

अर्धा मिली

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला घरी आलो तेव्हा ठकी कपाटाखाली होती. पाय पोटाखाली घेऊन, पाठ कमानीसारखी करून बसलेली. डोळे अर्धवट मिटलेले, मान खाली. हाक मारली तरी कान हलला नाही. संध्याकाळचं खाणं तसंच पडलेलं. अंगाला हात लावला तर गरम लागलं.

मी मनात निदान केलं: ताप आणि दुखणं. आणि ताप, दुखणं म्हटल्यावर माझा हात जिथे जातो तिथेच गेला. शेजारच्या नातवासाठी आणून ठेवलेले पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स फ्रिजवर होते. हिशेब डोक्यात आपोआप होतो. किलोला पंधरा मिलिग्रॅम, तीन किलोचे पंचेचाळीस. एका मिलीत शंभर मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा मिली. तान्ह्या बाळांना देतात ते औषध. मी ड्रॉपर भरला, गुडघे टेकून कपाटाखाली वाकलो आणि ठकीची मान धरली.

मागून आई म्हणाली, "अरे, त्या बाईंना विचारलंस का?"

"साधं पॅरासिटामॉल आहे, आई."

"विचारल्याशिवाय औषध घ्यायचं नाही असं तूच सांगत असतोस ना सगळ्यांना?"

थोड्या वैतागानेच मी फोन लावला. काय देतोय ते सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला तो असा: "तोंडात गेलंय का?"

"नाही, अजून हातातच आहे."

"खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या. मग एक क्षण थांबून, "डॉक्टर, मांजराला पॅरासिटामॉलचा कुठलाही सुरक्षित डोस नाही."

एमडीच्या परीक्षेत पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण ती माणसाच्या. माणसाच्या यकृतात या औषधाला एक शर्करायुक्त आम्ल जोडलं जातं आणि ते लघवीवाटे निरुपद्रवी होऊन निघून जातं. हे जोडण्याचं काम करणारं विकर मांजरांमध्ये नीट कामच करत नाही, कारण त्यासाठीचा जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेला आहे. शास्त्रज्ञांचा तर्क असा की पिढ्यानपिढ्या निव्वळ मांस खाणाऱ्या या प्राण्यांना वनस्पतींमधली रसायनं निपटण्याची गरजच उरली नाही. मग औषधाचा मोठा हिस्सा विषारी रूपात बदलतो आणि लाल पेशींवर हल्ला करतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन पोचवेनासं होतं. रक्त चॉकलेटी दिसू लागतं, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. माणसाची एक साधी ५०० ची गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. माझ्या ड्रॉपरमधला डोस, जो तीन किलोच्या बाळासाठी हिशेबाने बरोबर होता, तोसुद्धा विषारी ठरू शकला असता.

आणि तो ताप? मांजराचं नॉर्मल तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला निरोगी मांजरही गरमच लागतं.

मी ड्रॉपर बेसिनमध्ये रिकामा केला तेव्हा माझा हात थरथरत होता हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

मॅडमनी रात्रीच बोलावून घेतलं. हिरड्या पाहिल्या, पोट हलक्या हाताने तपासलं, जखम पाहिली. सगळं ठीक होतं. मग विचारलं, "मी दिलेलं दुखण्याचं औषध पोटात गेलं का?" बायकोने ते संध्याकाळच्या खाण्यात कालवलं होतं आणि ते खाणं तसंच पडून होतं. म्हणजे औषध 'दिलं' होतं, पण 'गेलं' नव्हतं. असे कितीतरी पेशंट मी पाहिले आहेत. मॅडमनी मांजरांना चालणारं इंजेक्शन दिलं. अकराच्या सुमारास ठकी कपाटाखालून बाहेर आली आणि वाटीतलं चिकन चाटायला लागली.

एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला विष होण्याचं आपल्याच देशातलं सर्वांत मोठं उदाहरण गिधाडांचं आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण २००४ मध्ये उघड झालं. गाई-म्हशींना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं जायचं. जनावरांना ते चालायचं, पण मेलेल्या जनावराचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं त्याने निकामी होत होती. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. हे मला माहीत होतं, यावर मी एकदा बोललोही होतो. तरीही माझ्या हातात ड्रॉपर होता.

म्हणून नीट लक्षात ठेवा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, घरात उरलेली अँटिबायोटिक्स, यांतलं काहीही स्वतःच्या मनाने मांजराला देऊ नका. चुकून दिलं गेलं तर लक्षणांची वाट पाहू नका, तडक पशुवैद्यकाकडे जा. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगाचा.

न बोलणाऱ्याचं दुखणं कसं ओळखायचं?

आम्ही माणसांना विचारतो, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मांजर दुखणं लपवतं. जंगलात दुबळेपणा दाखवणं परवडत नाही, ती सवय घरातही जात नाही. पण चेहरा वाचता येतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी पाहतात: कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेले आहेत का, डोळे बारीक केले आहेत का, नाका-तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा सरळ ताठ होऊन पुढे आल्या आहेत का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलं आहे का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले की वेदनाशामकाची गरज आहे असं समजतात.

त्या रात्री कपाटाखाली ठकीच्या चेहऱ्यावर यातलं बरंच काही लिहिलेलं होतं. मी मात्र तापाच्या मागे लागलो होतो.

आणि मग मी कॉलर काढली

एवढा धडा मिळाल्यावर पुढचे दिवस मी शहाण्यासारखा वागायला हवा होता. पण पाचव्या दिवशी दुसरी चूक केली.

टाके चाटू नयेत म्हणून मांजराच्या गळ्यात प्लॅस्टिकची शंकूसारखी कॉलर घालतात. आई तिला 'कर्णा' म्हणायची. "मुक्या जिवाच्या गळ्यात ग्रामोफोनचा कर्णा घातलाय मेल्यांनी." ठकी त्या कर्ण्यासह दाराला धडकायची, वाटीतलं पाणी सांडायची, अंग चाटता येत नाही म्हणून कर्ण्याचीच आतली बाजू चाटत राहायची. पाचव्या रात्री ते मला बघवेना. मॅच लागली होती. म्हटलं, मी समोर बसलोच आहे, तासभर मोकळी राहू दे. कॉलर काढली. ती माझ्या मांडीवर येऊन घुरघुरायला लागली. आणि मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा जखमेचं खालचं टोक ओलं आणि लालभडक झालेलं होतं. एक टाका निघाला होता.

मांजराची जीभ म्हणजे काय चीज आहे हे तुम्ही हातावर अनुभवलं असेल. तिच्यावर मागे वळलेले, नखांसारख्याच पदार्थाचे बारीक काटे असतात. हाडावरचं मांस खरवडायला निसर्गाने दिलेली ती किसणी आहे. "जनावरं चाटून जखम बरी करतात" ही समजूत टाके घातलेल्या जखमेला लागू करू नका. काही मिनिटांत टाके निघू शकतात, लाळेतले जंतू आत जातात, आणि थर उसवले तर आतडंही बाहेर येऊ शकतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी मॅडमच्या दारात होतो. आतले थर शाबूत होते, नशीब. जखम स्वच्छ केली, पुन्हा टाका घालावा लागला नाही. त्यांनी विचारलं, "कॉलर किती वेळ काढली होती?"

मी म्हणालो, "थोडाच वेळ."

आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच माझे सगळे पेशंट माझ्या मागे रांगेत उभे असल्यासारखं वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दया आली होती, एवढंच. सूचना मोडणारे लोक निष्काळजी असतात असं मला इतकी वर्षं वाटत होतं. बरेचदा ते फक्त मायाळू असतात, आणि सूचनेमागचं कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ऑपरेशन सर्जन करतो, पण पेशंट बरा होतो तो घरात, आणि घरात माया भरपूर असते, माहिती कमी.

मॅडमनी मला रागावण्याऐवजी एक उपाय सांगितला. कॉलर अगदीच सहन होत नसेल तर अंगाला घट्ट बसेल असा मऊ सुती अंगरखा घालता येतो. पोट झाकायचं, शी-शूची जागा मोकळी ठेवायची. आईने माझ्या जुन्या गंजीफ्रॉकचा तो शिवला. मॅडमनी पाहून हो म्हटल्यावरच वापरला.

तुमच्या घरी अशी पेशंट असेल तर

माझ्या चुका झाल्या, तुमच्या होऊ नयेत म्हणून थोडक्यात लिहितो.

- टाके निघेपर्यंत किंवा जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, कॉलर किंवा अंगरखा कायम ठेवा. खाताना काढायचा असेल तर समोर बसा, जागे राहा.
- उड्या, पळापळ, जिने, इतर मांजरांशी कुस्ती बंद. बाहेर सोडू नका. आंघोळ नाही.
- जखम दिवसातून दोनदा फक्त बघा. हळद, डेटॉल, स्पिरिट, माणसांची मलमं लावू नका. मांजर जे लागतं ते चाटतं, आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं त्याला विषारी असतात.
- शी-शूसाठीच्या ट्रेमध्ये बारीक मातीऐवजी काही दिवस फाडलेले वर्तमानपत्राचे तुकडे घाला, म्हणजे धूळ जखमेत जाणार नाही.
- औषध पूर्ण जेवणात कालवू नका. एका छोट्या आवडत्या घासात द्या आणि गिळलेलं डोळ्यांनी पाहा.
- जखमेच्या रेषेखाली थोडी गाठीसारखी कडक सूज, कडेला किंचित लाली हे पहिल्या काही दिवसांत चालतं.

लगेच फोन करा जर: चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, वारंवार उलट्या होताहेत, हिरड्या पांढुरक्या दिसताहेत, जखमेतून रक्त, पू किंवा घाण वास येतोय, टाके उसवले, पोट फुगलंय, लघवी होत नाही, किंवा मांजर कोपऱ्यात निपचित पडून आहे. मांजराचा उपास हलक्यात घेऊ नका. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजरांत, यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो.

पुढच्या काळासाठीही एक सांगतो. अंडाशय काढल्यावर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते. पहिल्यासारखंच खाऊ घातलं तर वर्षभरात मांजराची उशी होते. खाण्याचं प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

माणसांच्या डॉक्टरकडून दोन गोष्टी. दुखऱ्या मांजराला हाताळताना बोचकारलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस घ्यायची की नाही हा निर्णय त्यांना घेऊ द्या. "घरचंच मांजर आहे" हे कारण पुरेसं नाही. आणि घरात गरोदर बाई असेल तर ट्रे साफ करण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं, तेही रोजच्या रोज. मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. रोज साफ केलं तर धोका बराच कमी होतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

टाके काढले त्या दिवशी

बाराव्या दिवशी टाके निघाले. घरी आल्यावर आईने स्वतःच्या हाताने अंगरखा सोडवला. ठकी खिडकीतल्या उन्हात बसली आणि अर्धा तास सगळं अंग चाटत राहिली. आई तिच्याकडे बघत होती. म्हणाली, "नशीबवान आहे."

मी हसून म्हटलं, "आमचे हाल करून नशीबवान?"

"बारा दिवस तुम्ही तिघं आळीपाळीने राखण करत बसलात. उडी मारू नको, धावू नको. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू चार वर्षांचा होतास. कॅम्पमध्ये झालं. आठव्या दिवशी टाके काढून आले आणि विहिरीवर गेले. घरात दहा माणसं. पाणी कोण आणणार? खालच्या बाजूला पाझरत होतं महिनाभर. सांगायचं कुणाला? सासऱ्यांना?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जुनी हकीकत सांगावी तसं सांगत होती. मी पंचावन्न वर्षांचा आहे. तीस वर्षं लोकांना "आधी कुठलं ऑपरेशन झालंय का?" असं विचारतो आहे. आईच्या पोटावरचा तो व्रण मला माहीत होता. त्याच्याविषयी मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आणि बारा दिवसांपूर्वी तिने स्वतःहून विषय काढला, तेव्हा मी तिला बीजवाहिन्या समजावून सांगितल्या होत्या. तिचं ऑपरेशन ठकीपेक्षा लहान होतं, हे मी खरंच सांगितलं होतं. फक्त ते बरं कसं झालं, हे विचारायचं राहिलं होतं.

मी विचारलं, "दुखायचं का खूप?"

"दुखायचं की," ती म्हणाली. "पण मांजरासारखंच. कपाटाखाली जायला जागा नव्हती एवढंच."

तेव्हापासून माझ्या ओपीडीत एक छोटा बदल झाला आहे. पिशवी काढलेली, सिझर झालेली किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेली बाई तपासायला आली की बीपीचा पट्टा बांधता बांधता मी सोबत आलेल्या माणसाला विचारतो, "घरी पाणी कोण भरतं? गॅसचा सिलिंडर कोण उचलतं? पहिले पंधरा दिवस स्वयंपाक कोण करणार?" बऱ्याचदा नवरा बायकोकडे बघतो. मग मी पेन खाली ठेवतो आणि जड का उचलायचं नाही, आतले टाके भरायला किती दिवस लागतात, ते त्याला नीट समजावून सांगतो. आवाज न चढवता.